दाण्याची कवळी

मागच्या हिवाळ्यात आम्हा दंतवैद्यांच्या एका मेळाव्यात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय दिला होता, 'अनिश्चित आर्थिक काळात यशस्वी डेंटल प्रॅक्टिस'. समोर शे-दीडशे नवी डॉक्टर पोरं-पोरी वह्या उघडून बसलेली. मला वीस मिनिटं दिली होती, मी सव्वा तास बोललो. दोनदा चिठ्ठी आली, दोन्ही वेळा ती कौतुकाची असणार असं धरून न वाचताच खिशात टाकली. मी सांगितलं, कोल्हापूरचा माणूस मंदीत मोटारसायकल विकेल, पोराचं लग्न पुढं ढकलेल, पण बुधवारचं मटण सोडणार नाही. आणि जोवर तो मटण सोडत नाही तोवर त्याला दात लागणार. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतला एक जण तर उभा राहिला. तो टाळ्यांसाठी उठला होता की चहाला निघाला होता ते मला माहीत नाही, मी टाळ्यांसाठीच असं धरून चालतो.

शेवटी एका मुलीनं हात वर केला. "सर, इतक्या वर्षांत तुमच्या प्रॅक्टिसचं सगळ्यात मोठं नुकसान कशानं झालं?"

"लोडशेडिंगनं," मी म्हणालो. हशा झाला आणि कार्यक्रम संपला.

खरं उत्तर वेगळं होतं. माझा माणूस मला सोडून गेला. एका शब्दानं न सांगता, वीस-बावीस वर्षांचं नातं पायरीवर चपला ठेवाव्यात तसं ठेवून गेला. वर्षभर मी अख्ख्या मंगळवार पेठेला हेच सांगत होतो आणि सांगताना डोळ्यांत पाणी यायचं. ते खरं यायचं, त्यात थाप नाही.

तो माझे दात बनवणारा कारागीर. लोकांना वाटतं दात डॉक्टर बनवतो. डॉक्टर माप घेतो, बसवतो आणि मिरवतो. मधला सगळा खेळ दुसऱ्याच माणसाच्या हातात असतो. माझ्या क्लिनिकच्या मागं दोन बोळ ओलांडले की त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक भट्टी, प्लास्टरचा वास आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. नवा माणूस आत शिरला की आधी दोन पावलं मागं सरकायचा. आम्ही सगळे त्याला मिस्त्री म्हणायचो. त्याचे वडील चांदीचे पैंजण घडवायचे, आजाही तेच. हा त्या घरातला पहिला, जो पायांवरून तोंडावर आला.

मिस्त्रीची पद्धत जगात कुठल्या कॉलेजात शिकवत नसतील. कवळी करायची तर तो आधी क्लिनिकमध्ये यायचा, पेशंटच्या समोर स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "एक शिवी द्या मला."

"आँ?"

"द्या हो. लाजू नका. चांगली तोंड भरून द्या."

कारण त्याचं म्हणणं असं की माणूस हसताना खोटं हसतो, फोटोत तर त्याहून खोटं. शिवी देताना मात्र वरचा ओठ खरा जितका उचलायचा तितकाच उचलतो. तो ओठ बघून मिस्त्री दातांची लांबी ठरवायचा. आमच्याकडं माणसाला शिवीसाठी फार विनवावं लागत नाही, त्यामुळं हे काम बहुतेक वेळा मिनिटात उरकायचं. एकदा मात्र एक निवृत्त हेडमास्तर आले. आयुष्यात शिवी दिलेली नव्हती. पाऊण तास गेला, घाम फुटला. मग मिस्त्रीनं हळूच विचारलं, "सर, तुमची पेन्शन कुणी अडवलीय म्हनं?" आणि मास्तरांच्या तोंडून अशी शिवी निघाली की रस्त्यावरची रिक्षा थांबली. मिस्त्री स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "झालं. माप मिळालं." त्या मास्तरांची कवळी अजून आहे. मास्तर नाहीत.

दुसरी गोष्ट दाण्याची. केलेल्या प्रत्येक कामावर तो एक खूण ठेवायचा. कवळीच्या मागच्या कडेला, जीभ पोचेल अशा जागी, ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा खळगा. पैंजणाच्या आतल्या बाजूला घडवणाऱ्याची खूण असते, तशी ती त्याच्या घरातली सवय. कवळी बसवली की मी पेशंटला म्हणायचो, "जीभ मागं न्या. दाणा लागतोय?" माणूस डोळे मिटून जीभ फिरवायचा आणि एकदम हसायचा. "लागतोय की!" हळूहळू लोक येऊन मागायलाच लागले, आम्हाला दाण्याचीच कवळी पाहिजे. शिरोळपासून गडहिंग्लजपर्यंत माझं नाव गेलं ते त्या दाण्यावर. आता नाव माझं कसं गेलं, दाणा तर त्याचा होता, असं तुम्ही विचाराल. मी त्या काळी विचारलं नाही.

आणि बुधवारची परीक्षा ही मात्र माझी कल्पना. कवळीला महिना झाला, तोंड सरावलं की त्या पेशंटला घेऊन मी कोपऱ्यावरच्या खानावळीत जायचो. ताट मांडलं जायचं, तांबडा-पांढरा यायचा आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर पेशंटनं मटणाचा पहिला तुकडा चावायचा. शाकाहारी असेल तर कडक भाकरी आणि खर्डा. खानावळवाल्या वहिनी गल्ल्यावरून ओरडायच्या, "डॉक्टर, आज कुणाची परीक्षा?" मी आधी स्वतः मटणातलं नळीचं हाड दातांत धरून कडाकड फोडून दाखवायचो. म्हणायचो, "हे माझे स्वतःचे बत्तीस. आता तुमचे बघू." अशी जाहिरात मोठमोठ्या हॉस्पिटलांना जमायची नाही.

तर आता ते बत्तिसाचं सांगतो. माझे स्वतःचे तीस आहेत. वरचे पुढचे दोन मिस्त्रीचे. क्लिनिकचं उद्घाटन आठ दिवसांवर होतं आणि एका वर्गमित्राच्या पैजेपायी मी सोड्याची बाटली दातांनी उघडली. टोपण आलं, दोन दातही आले. दंतवैद्याच्या उद्घाटनाला दंतवैद्य बोळका! शेजारचे दात घासून माप त्याच वर्गमित्रानं घेतलं, तो पुढं परदेशात गेला. आणि मिस्त्रीनं पाच दिवसांत चार दातांचा ब्रिज करून दिला, पुढून चिनी माती, मागून धातूची पट्टी. तेव्हा आमची नुकतीच ओळख झाली होती. माझ्याकडूनही त्यानं शिवी घेतली, आणि पट्टीच्या मागं दाणाही ठेवला. बोलताना अडलो, पेशंट भडकला, की माझी जीभ आपोआप त्या दाण्यावर जायची. हे गुपित आता गावात फक्त मिस्त्रीला माहीत होतं. बायकोलाही नाही, असं मी समजत होतो.

मग वाईट दिवस आले. कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत दुसरी पाळी बंद झाली, ओव्हरटाइम गेला. शिरोळकडं पुराचं पाणी गोठ्यांत शिरून गेलं. लोक काटकसरीला लागले की सगळ्यात आधी तोंडावर काट मारतात. रूट कॅनॉल सांगितलं की म्हणायचे, "दुखतोय तेवढा काढून टाका, डॉक्टर. बाकीचं दिवाळीनंतर बघू." कुठल्या दिवाळीनंतर ते सांगायचे नाहीत. त्यातच मेन रोडवर एक काचेचं क्लिनिक उघडलं. आत एसी, मासिकं, हप्त्याची सोय, आणि दारात उभी राहून 'वेलकम सर' म्हणणारी मुलगी. माझ्या दारात 'चपला बाहेर काढा' एवढीच पाटी.

त्याच वर्षी एका सोमवारी मिस्त्री आला नाही. फोन लागेना. कारखान्याला कुलूप. चहावाल्यानं सांगितलं, "मिस्त्री व्हय? ते काचंच्या दवाखान्यात लॅब सांभाळत्यात की आता. पांढरा कोट घालून जाताना बघितलं सकाळी."

माझ्या हातातला कप खाली पडला. कप प्लॅस्टिकचा होता, फुटला नाही, पण पडला.

त्या दिवसापासून मी ज्याला-त्याला सांगत सुटलो. खुर्चीत माणूस आ करून पडलेला असायचा आणि मी वरून सांगायचो, "ज्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी स्वतःच्या गाडीतून घेऊन गेलो, ज्याच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं, त्यानं मला दगा दिला!" पेशंट बिचारा "आँ, आँ" करायचा. खानावळीत तर मी त्याला अशा शिव्या दिल्या की वहिनींनी रेडिओचा आवाज वाढवला. लोक हळहळायचे. "माणूस ओळखता येत न्हाय बगा, डॉक्टर." सहानुभूतीपायी नवे पेशंटही आले. मी काही खोटं सांगत नव्हतो. मला खरंच झोप लागत नव्हती. बावीस वर्षं ज्याच्या हातावर विश्वास टाकला त्यानं एक फोन करू नये?

घरी मात्र बायको एवढंच म्हणाली, "मिस्त्री गेले, की तुम्ही घालवलेत?"

इथवरची गोष्ट मी पेठेत शंभर वेळा सांगितली आहे. पुढचा भाग कधीच सांगितला नाही, तो इथं लिहितो.

मिस्त्री जायच्या आधी वर्षभर मी दुसऱ्या शहरातल्या एका लॅबला काम पाठवत होतो. तिथं मशीनवर दात कोरतात. माप कुरिअरनं जायचं, चार दिवसांत कवळी घरपोच, आणि मिस्त्रीच्या निम्म्या पैशात. पहिली कवळी पाठवताना मला वाईट वाटलं. तिसऱ्या वेळेपासून कुरिअरवाल्याचं नाव पाठ झालं. मिस्त्रीला मी सांगितलं, "काम कमी आहे मिस्त्री. मंदी आहे." तेव्हा माझ्या बाहेरच्या बाकावर बसायला जागा नसायची.

तो काय म्हणाला ते ऐका. "मग माझा दर कमी करा, डॉक्टर. मी निम्म्यात करतो. क्लिनिक चाललं पायजे तुमचं."

मी मोठ्या मनानं म्हणालो, "नको नको, तुमचं कशाला नुकसान." आणि जीभ दाण्यावर फिरवत राहिलो.

पण लोकांना दाण्याची कवळी पाहिजे होती आणि मशीनच्या कवळीला दाणा नव्हता. पहिलाच पेशंट म्हणाला, "लागंना की, डॉक्टर." मी म्हटलं, राहिला वाटतं, थांबा. आत गेलो, दार लावलं आणि ड्रिलनं खळगा पाडला. बाहेर आलो. "आता बघा." "आता लागतोय!" म्हणून माणूस खूश. असे किती दाणे मी पाडले ते सांगत नाही. एका माणसाच्या हुरड्याला पुरतील एवढे.

त्यातली एक कवळी शिरोळच्या एका बाईंना गेली. त्या गावच्या दूध संस्थेच्या चेअरमन, आवाज असा की संस्थेला भोंग्याची गरज नव्हती. एक दिवस माझा बाहेरचा हॉल गच्च भरलेला असताना त्या जीपभर माणसं घेऊन आल्या आणि पदरातून कवळीचे दोन तुकडे काढून टेबलावर आपटले.

"ओ डॉक्टर! ह्यो बगा तुमचा दाणा!"

"काय झालं बाई? बसा आधी."

"बसायला आली न्हाय मी. वार्षिक सभा चाललीया, मी भाषणात म्हनतीया, ही संस्था मी अभंग ठेवली, आनि तवाच कट्टदिशी मोडली की तोंडात! निम्मी माइकवर पडली. ते विरोधी पार्टीचं कार्टं उठून म्हनतंय, चेअरमन बाईंचा राजीनामा तोंडातनं पडला!"

अख्खा हॉल हसला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. वीस-पंचवीस माणसं. निम्म्यांच्या तोंडात किंवा त्यांच्या घरच्यांच्या तोंडात माझी कवळी.

"दाण्याची कवळी मोडती व्हय? सांगा की!"

मला काहीही सांगता आलं असतं. प्लास्टिक खराब लागलं म्हणता आलं असतं, सरळ नवी करून देतो म्हणता आलं असतं. मी मान हलवली आणि म्हणालो, "काय करू बाई, आमच्या मिस्त्रीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हात पहिल्यासारखा राहिला नाही त्याचा. माणूस जुना, काढून टाकवत नाही."

लोकांनी 'अरेरे' केलं. ते मिस्त्रीसाठी होतं, आणि थोडं माझ्या मोठ्या मनासाठी. बाई तुकडे उचलून तणतणत गेल्या. त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी हे झालं. आणि सोमवारी मिस्त्री आला नाही तेव्हा मी एवढा चकित झालो की हातातला कप पडला. स्वतःला किती चकित करता येतं हे त्या दिवशी कळलं.

तो गेल्यावर वर्षभर मी मशीनच्याच कवळ्या बसवल्या आणि बुधवारची परीक्षाही चालू ठेवली. अशाच एका बुधवारी कागलच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक टर्नर माझ्या समोर ताट घेऊन बसला होता. चांगला गडी, पण घास उचलायला घाबरत होता.

"मोडली तर, डॉक्टर? परत करायची ऐपत न्हाय. दुसरी पाळी बंद झाल्यापासनं पोरगा बी घरीच हाय."

"मोडते कशी! हे बघा," म्हणून मी भली मोठी नळी घेतली आणि नेहमीप्रमाणे पुढच्या दातांत धरली. कडाक्! आवाज झाला तो नळीचा नव्हता. वरच्या ओठामागं एकदम गार वारा शिरला आणि पांढऱ्या रश्श्यात काहीतरी टुबुक् करून पडलं.

टर्नरनं माझ्या वाटीत वाकून बघितलं. "डॉक्टर, तुमच्या रश्श्यात लसणाची पाकळी लई मोठी आल्या."

मी चमच्यानं ती पाकळी काढली, तोंडात टाकली आणि सुपारीसारखी गालात धरली. वहिनी ओरडल्या, "डॉक्टर, कसं झालंय आज?" मी फक्त बोटांनी 'झकास' केलं. मग मोबाइल कानाला लावला आणि वाजत नसलेल्या फोनवर मान हलवत खानावळीतून बाहेर पडलो. जाता जाता बघितलं, टर्नरनं आपला तुकडा पानात परत ठेवला होता.

क्लिनिकमध्ये जाऊन बघितलं तर चिनी माती उडालेली, पट्टी वाकलेली. ब्रिज परत बसणार नव्हता. पेशंटसमोर मास्क असतोच, पण 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. "सूज उतरली का" विचारायचं असलं तर "गाल बारीक झाला का" असं विचारत होतो. घरीही सर्दीच्या नावाखाली मास्क लावून बसलो. दुसऱ्या दिवशी बायको ताट वाढताना म्हणाली, "काढा तो मास्क. पुढचे पडले ना?"

"तुला काय माहीत?"

"लग्न झालं त्याच महिन्यात कळलं. तोंड उघडं टाकून झोपता. मागून चांदीसारखी पट्टी चमकते."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही बोलला नव्हता म्हणून." मग भाजी वाढत म्हणाली, "आता मिस्त्रींकडं जा."

मशीनच्या लॅबला माप पाठवता आलं असतं. पाकीट तयारही केलं, नाव काय लिहावं यावर अडलो. आणि खरं सांगायचं तर वर्षभर मला वेगळीच भीती होती. तो आता समोरच्या पार्टीत होता. त्यानं नुसतं सांगितलं असतं, 'त्या डॉक्टरचे स्वतःचेच दात नकली आहेत', तर मेन रोडपासून शिरोळपर्यंत मी हसू झालो असतो. वर्ष झालं तरी कुणी काही बोललं नव्हतं. का बोललं नव्हतं, तेही मला बघायचं होतं.

रविवारी दुपारी गेलो. कारखान्याचं कुलूप उघडं होतं. सुट्टीच्या दिवशी तो तिथं स्वतःचं किरकोळ काम करायचा, पूर्वीसारखंच. मला बघून उठला नाही. चष्मा कपाळावर सरकवला.

"या डॉक्टर. लई दिसानं आलासा." मग घराच्या दिशेनं आवाज दिला, "चहा टाक गं, पावणं आल्यात."

बावीस वर्षांत त्यानं मला पावणं कधी म्हटलं नव्हतं.

"मास्क काढा. हितं कोण न्हाय."

मी काढला. त्यानं बघितलं. मला वाटलं हसेल. त्यानं फक्त विचारलं, "नळी फोडताना?" मी मान हलवली. "मी सांगितलं हुतं, कवातरी जाईल म्हणून. आना बगू." मी रुमालातून ब्रिज काढून दिला. त्यानं तो उलटा करून मागच्या दाण्यावर अंगठा फिरवला आणि फळीवर ठेवला.

तेव्हा मला राहवलं नाही. "मिस्त्री, तुम्ही मला एक शब्द न सांगता गेलात. हे बरं केलं नाही. बावीस वर्षं."

"तुमी मला सांगून दिलासा व्हय काम दुसरीकडं?"

तो उठला, फळीवरची एक डबी काढली आणि माझ्या हातात दिली. आत कवळीचे दोन तुकडे. मी बाजूला सरकवायच्या आत तो म्हणाला, "चेअरमन बाई तुमच्याकडनं थेट हितं आल्या. म्हनल्या, मिस्त्री, डोळं गेलं तर काम सोडा की. ही कवळी तुमचीच न्हवं का, ह्यो दाणा हाय. मग मी बघितला त्यो दाणा." त्यानं तुकडा उन्हात धरला. "ह्यो ड्रिलचा हाय. कड खरखरीत हाय. माझा मेणाच्या साच्यातच उठतो, सुरीच्या टोकानं."

"मग तुम्ही बाईंना काय सांगितलं?"

"काय सांगनार? दुसरी करून दिली. म्हनलं, चुकलं माझं."

चहा आला. कपावर बशी झाकलेली. कप माझ्याकडं सरकवत तो म्हणाला, "दुसरीकडं काम दिलासा, त्याचं काय न्हाय. धंदा हाय. मंदी म्हनालासा, ते बी चालंल. दाणा कशाला पाडलासा, डॉक्टर?"

जीभ मागं गेली, तर तिथं भगदाड.

"माझं कुणाला सांगितलं नाहीत तुम्ही," मी म्हणालो. "तिथं, काचेच्या क्लिनिकमध्ये."

"ते माझं काम हाय. त्याची बदनामी मी कशाला करू?"

मग त्यानं माप घ्यायची ताटली पुढं केली, मी ती तोंडात धरली, त्यानं प्लास्टर कालवलं. हात तसाच होता. एवढासाही थरथरत नव्हता. शेवटी तो स्टूल ओढून माझ्या समोर बसला.

"द्या."

"काय?"

"शिवी द्या. वय झालंय, ओठ खाली आलाय तुमचा. नवं माप पायजे."

मला जमेना. मी, ज्यानं वर्षभर खानावळीत, बाकावर, लग्नाच्या मांडवात याला शिव्यांची पंगत वाढली, त्याला एक साधी शिवी आठवेना.

"द्या की. पेठंत देत हुतासाच. मला ऐकू आल्यात त्या सगळ्या. आता तोंडावर द्या."

"नाही जमत, मिस्त्री."

त्यानं माझ्या ओठावर नजर फिरवली. मग उठला. "ऱ्हाऊ द्या. अंदाजानं करतो."

पुढच्या रविवारी ब्रिज तयार होता. त्याच्याच फुटक्या आरशात बघून मी तो बसवला. अंदाजानं केलेला, पण कुणी म्हणणार नाही. लांबी, रंग, शेजारच्या दाताशी पडणारी बारीक सावली, सगळं बरोबर. 'स' म्हणून बघितलं, शिट्टी गेली होती. सवयीनं जीभ मागं नेली. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत लागली. मला वाटलं जागा चुकली. परत फिरवली.

"मिस्त्री, दाणा?"

तो हात धूत होता. पाठ माझ्याकडं. "तुमचा तुमी पाडून घ्या की. येतोय की तुमाला."

पैसे विचारले तर त्यानं दर सांगितला, पूर्ण, एक रुपया कमी नाही. मी दिले. त्यानं घेतले. बावीस वर्षांत हाही प्रकार पहिलाच.

क्लिनिकमध्ये येऊन मी माझ्याच खुर्चीत बसलो. आरसा घेतला, ड्रिल घेतलं, पायानं सुरू केलं. घर्र आवाज झाला आणि मी पाय उचलला. परत कधी प्रयत्न केला नाही. मशीनच्या कवळ्यांवर खळगे पाडणं त्या दिवसापासून बंद केलं. बुधवारची परीक्षाही बंद केली. वहिनी विचारतात, मी पोटाचं कारण सांगतो. प्रॅक्टिस चाललीय, उत्तम चाललीय. व्याख्यानाला उगाच बोलावत नाहीत.

अजून आठवड्यातून एखादा तरी पेशंट जीभ तोंडात फिरवून म्हणतो, "डॉक्टर, दाणा लागंना की."

"मिस्त्री नाहीत आता."

"व्हय व्हय, ऐकलंय. दगा दिला म्हनं तुमाला?"

माझी जीभ त्या गुळगुळीत पट्टीवर एकदा जाऊन येते. "आ करा," मी म्हणतो. आ केलेल्या माणसाला पुढं काही विचारता येत नाही.